टीममध्ये गोष्ट वेळेवर पोचत नाही? मग हे करून पाहा

"आमच्या टीममध्ये कम्युनिकेशनच नाही" हे वाक्य मी नागपुरात कुठंही गेलो तरी ऐकतो. हिंगण्याच्या युनिटचा मालक म्हणतो, मिहानमधली टीम लीड म्हणते, धंतोलीतल्या हॉस्पिटलचा अ‍ॅडमिन म्हणतो, इतवारीत होलसेलचं दुकान सांभाळणारा भाऊ पण तेच म्हणतो. मग उपाय काय करतात, तर सगळ्यांना घेऊन पेंचला एक ट्रिप, नाहीतर वर्धा रोडवरच्या एखाद्या रिसॉर्टवर दिवसभर खेळ, जेवण, ग्रुप फोटो. ट्रिप जरूर करा, माणसं एकमेकांशी मोकळी बोलायला लागतात, त्याचा फायदा होतोच. पण परत आल्यावर स्टोअरवाल्याला कळलेली गोष्ट परचेसपर्यंत जायला अजूनही दोन दिवस लागत असतील तर ती टीम आहे तिथंच आहे.

मी डिस्पॅच पाहतो, बरीच वर्षं झाली, आधी बुटीबोरीला आणि आता हिंगण्याला, आणि माझं मत पक्कं झालं आहे की टीम कशी आहे हे एकाच गोष्टीवरून कळतं: वाईट बातमी ज्याला पहिल्यांदा कळते त्याच्याकडून ती ज्याच्या हातात काही करणं आहे त्याच्यापर्यंत किती वेळात जाते. चांगल्या बातमीची काळजी करावी लागत नाही, मोठी ऑर्डर मिळाली की दहा मिनिटांत गेटवरच्या वॉचमनलाही माहीत असतं. अडकते ती वाईट बातमी. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं तिच्याचसाठी आहे, आठ-दहा जणांच्या टीमपासून वीस-पंचवीस जणांच्या टीमपर्यंत, फॅक्टरी असो की ऑफिस.

आधी एक कागद भरा

मागच्या दोन-तीन महिन्यांत झालेले तीन घोळ आठवा. कोऱ्या कागदावर तीन खाने पाडा. पहिल्यात लिहा, ही गोष्ट सगळ्यात आधी कोणाला कळली आणि केव्हा. दुसऱ्यात, ज्यानं काहीतरी करायचं होतं त्याला केव्हा कळली. तिसऱ्यात, मधे कोण कोण होतं. चूक कोणाची होती हा खाना पाडूच नका, तो दिसला की लोकांना एकदम काहीच आठवेनासं होतं.

एक उदाहरण देतो, एका पॅकिंग युनिटमधलं. सोमवारी संध्याकाळी स्टोअरच्या पोराला दिसलं की ५०० एमएलच्या बाटलीच्या लेबलचे दोनच रोल उरले आहेत. त्यानं ग्रुपवर टाकलं, "लेबल कमी आहे". त्याच वेळी ग्रुपवर कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस चालू होता, वर केकचा फोटो, मधे हा मेसेज, खाली परत हॅपी बर्थडे. चौघांनी अंगठा दिला. सुपरवायझरला वाटलं परचेसनं वाचलं म्हणजे झालं, परचेसच्या मॅडमना वाटलं सुपरवायझर इंडेंट, म्हणजे माल मागवायची लेखी मागणी, पाठवतील, आणि इंडेंट आल्याशिवाय त्या ऑर्डर टाकत नाहीत, जे बरोबरच आहे. बुधवारी दुपारी लाईन थांबली. आता यात कामचुकार कोण ते सांगा. पोरानं सांगितलं होतं, चौघांनी वाचलं होतं, मॅडमनी नियम पाळला होता, आणि तरी गोष्ट जवळपास पावणेदोन दिवस जागेवरून हलली नाही. कोणाला झापून हा प्रश्न सुटणार नव्हता कारण झापण्यासारखं कोणी केलंच नव्हतं काही.

तीन घोळ असे कागदावर उतरवले की बहुतेक वेळा दिसतं की गोष्ट दर वेळी एकाच जागी अडून राहिली आहे. कुठं शिफ्ट बदलताना, कुठं दोन डिपार्टमेंटच्या मधल्या फटीत, कुठं एका माणसापाशी ज्याला सगळे घाबरतात. सुरुवात त्या जागेपासून करायची, सगळ्या ऑफिसवर एकदम दहा नवे नियम लादायचे नाहीत.

सांगितलं म्हणजे पोचलं असं धरू नका

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं एक साधा प्रयोग केला होता. एकानं सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं ना, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. आपण "ते रायपूरचं पाहून घे जरा" म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात पार्टी कोण, गाडी कोणती, ई-वे बिल झालं की नाही, मागच्या वेळी काय अडचण आली होती, सगळं असतं. समोरच्याला मिळतं ते फक्त रायपूर.

आणि यावर "समजलं का?" हा प्रश्न काही कामाचा नाही. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे, हाव सर. नाही समजलं म्हणणारा माणूस मी फार कमी पाहिला, त्यातून समोर साहेब आणि आजूबाजूला चार जण उभे असतील तर विचारूच नका.

विमानवाल्यांनी हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाकडून निघत असल्याचं रेडिओवर सांगितलं गेलं, टॉवरनं ओके म्हटलं आणि पुढं थांबायला सांगितलं, पण त्याच क्षणी धावपट्टीवर असलेलं दुसरं विमानही रेडिओवर बोललं, दोन आवाज एकमेकांवर चढले आणि कॉकपिटमध्ये ओके तेवढं स्पष्ट आलं, पुढचं सगळं किरकिरीत गेलं. त्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलंही होतं की ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाही का. कॅप्टन ठामपणे झालं म्हणाला, कॅप्टन सीनिअर होता, विषय संपला. या एका अपघातात आपल्या ऑफिसचे दोन्ही रोग आहेत, अर्धवट ओके आणि ज्युनिअरची गिळलेली शंका. त्यानंतर विमानक्षेत्रात सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवण्यावर फार भर आला, नुसतं ओके चालत नाही.

तुम्हीही तेच करा. काम सांगून झालं की म्हणा, "मी घाईत सांगितलं, काही सुटलं असेल माझ्याकडून, तू आता काय काय करणार ते एकदा सांग बरं." यात परीक्षा माझ्या सांगण्याची होते, त्याच्या डोक्याची नाही, म्हणून माणूस अपमान मानत नाही. आठ-पंधरा दिवस जरा विचित्र वाटतं, मग लोक स्वतःहून म्हणून दाखवायला लागतात. आणि जो परत सांगताना अडखळतो त्याला लगेच दुरुस्त करू नका, आधी ऐका कुठं अडखळला, कारण तिथंच बहुतेक तुमचं सांगणं कच्चं असतं.

मेसेज लिहायचा कसा

मेसेजमध्ये तीन गोष्टी पाहिजेतच: कोणी करायचं त्याचं नाव, नेमकं काय करायचं, आणि घड्याळातली वेळ. आज बघतो, लवकर करतो, होऊन जाईल, टाकून देतो असली उत्तरं घेऊ नका आणि देऊ पण नका. "संध्याकाळी" ही वेळ नाही, अकाउंट्सची संध्याकाळ साडेपाचला होते आणि डिस्पॅचची रात्री नऊला.

वरचाच मेसेज असा गेला असता तर पाहा: "परचेस मॅडम, ५०० एमएलचे लेबल २ रोल शिल्लक, आजच्या वापरानं बुधवारी १२ वाजेपर्यंत संपतील. इंडेंट मी आत्ता ७ वाजता टेबलावर ठेवतो. ऑर्डर गेली की उद्या ११ पर्यंत मला कळवा, नाही कळलं तर मी फोन करतो." पाठवायला अर्धा मिनिट जास्त लागतो. शेवटचं वाक्य विसरू नका, उत्तर नाही आलं तर मी काय करणार हे आधीच सांगून ठेवलं की पाठपुरावा केला तरी समोरच्याला टोचत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचं काय करायचं

ग्रुप बंद करा असं सांगणारे आहेत, मला ते पटत नाही, आपल्याकडे अर्धी कामं त्यावरच चालतात. दोन ग्रुप करा. एक कामाचा, त्यावर गुड मॉर्निंग नाही, फॉरवर्ड नाही, वाढदिवस नाही. दुसरा सगळ्याचा, त्यावर केक, क्रिकेट, शनिवारी तर्री पोहे कुठं खायचे ते सगळं. दुसरा ग्रुप मुद्दाम ठेवायचा, तो नसला की पहिल्यावर गर्दी होणारच.

कामाच्या ग्रुपवर टाकलेला प्रश्न नेहमी एका नावानं टाका. "कोणीतरी पाहा रे" म्हटलं की कोणीच पाहत नाही, आणि यात लोकांचा स्वभाव वाईट असं काही नाही. १९७९ मध्ये बिब लाटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना एकट्यानं आणि गटात ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावून पाहिलं, तर गटात प्रत्येक माणसाचा आवाज एकट्यापेक्षा कमी भरला. गट वाढला की प्रत्येकाचा हात थोडा सैल पडतो. त्यात आणखी एक हिशोब आहे: पाच जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या जोड्या १० होतात, बारा जणांच्या टीममध्ये ६६. म्हणजे माणसं दुपटीहून थोडी जास्त झाली आणि गोष्ट इकडची तिकडे व्हायच्या वाटा सहापटीहून जास्त. म्हणून ग्रुपमध्ये "असू दे, कळलेलं बरं" म्हणून माणसं भरू नका.

तातडीचं असेल तर फोन. व्हॉइस नोट पाठवायची असेल तर खाली एक ओळ लिहा कशाबद्दल आहे, मशीनच्या आवाजात तीन मिनिटांची नोट कोणी ऐकत नाही. आणि ठरलेली गोष्ट ग्रुपवरच सोडून देऊ नका, रजिस्टरमध्ये किंवा शीटमध्ये चढवा, नाहीतर महिन्याभरानं स्क्रीनशॉट शोधत बसावं लागतं.

कोणत्या भाषेत बोलताय ते पाहा

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. नागपूरच्या टीममध्ये भाषेची खिचडी असते. फ्लोअरवर हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून, ऑफिसमध्ये मराठी, मेल इंग्रजीत, आणि पुण्याच्या किंवा बंगलोरच्या लोकांबरोबर कॉल असला की तासभर इंग्रजी. लेबर भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटकडचं, त्यांची हिंदी वेगळी, आपली वेगळी. यात ज्याला कामातलं सगळ्यात जास्त कळतं तो माणूस बरेचदा मीटिंगमध्ये गप्प बसलेला असतो, कारण त्याला इंग्रजीत वाक्य जुळवायला वेळ लागतो आणि तोवर विषय पुढं गेलेला असतो.

आमच्याकडे एक जुने फोरमन आहेत, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. मशीनचा आवाज बदलला की बेअरिंग जाणार हे त्यांना दोन दिवस आधी कळतं. रिव्ह्यू मीटिंगमध्ये स्लाईड चालू असायची, काकाजी शेवटच्या खुर्चीत वही घेऊन, आणि शेवटी "काकाजी, तुमचं काही?" तर "नाही ना, सगळं ठीक आहे". मीटिंग संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर हेच काकाजी म्हणायचे, "तीन नंबरची मशीन काही आठवडा काढत नाही बाप्पा." मग नवीन आलेल्या प्रॉडक्शन इंजिनिअरनं, वयानं पोरगाच तो, एक चांगली गोष्ट केली. मीटिंग मशीनपाशी घ्यायला लागला, मराठी-हिंदीत, आणि सगळ्यात आधी काकाजींना विचारायला लागला, "काकाजी, या आठवड्यात कोणती मशीन त्रास देईल?" काही आहे का असं नाही विचारलं, कोणती असं विचारलं. काही आहे का म्हटलं की नाही म्हणणं सोपं असतं. कोणती म्हटलं की माणूस विचार करून सांगतो. तीन नंबरचं बेअरिंग त्या आठवड्यात रविवारी बदललं गेलं, लाईन बंद असताना.

तर नियम असा ठेवा: मीटिंगची भाषा ती, जी सगळ्यात गप्प माणसाला येते. मेल इंग्रजीत जाऊ दे, पण वर दोन ओळी मराठीत किंवा हिंदीत लिहायला काही हरकत नाही. बोलण्याचा क्रम ज्युनिअरपासून वर, साहेब सगळ्यात शेवटी, कारण साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच मताला मत जोडतात. आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा इंजिनिअर पन्नाशीच्या ऑपरेटरला चारचौघांत अरे-तुरे करत असेल तर ते त्याच दिवशी, बाजूला घेऊन, थांबवा. नागपुरी बोलणं मोकळंढाकळं आहे, बरोबरीच्यांत बे-अबे चालतं, पण वयाचा मान ठेवला नाही तर समोरचा भांडत नाही, नुसता बोलायचं बंद करतो, आणि ते जास्त महागात पडतं.

वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाशी पहिलं वाक्य

कोणी येऊन सांगितलं की सर, चुकीचा माल लोड झाला, गाडी अमरावतीच्या पुढं गेली, तर तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य सगळी टीम ऐकत असते, समोर एकच माणूस असला तरी. पहिलं वाक्य "बरं झालं लगेच सांगितलंस." दुसरं "आता काय करता येईल?" ड्रायव्हरला फोन, पार्टीला फोन, गाडी थांबवायची की बदली माल पाठवायचा. हे काहून झालं, कोणी केलं, तो प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड असताना, आणि तेव्हा मात्र नक्की विचारायचा. लोकांना वाटतं असं केलं तर शिस्त राहणार नाही. शिस्त राहते, फक्त चौकशी आणि आग विझवणं एकाच वेळी करायचं नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम तपासल्या तेव्हा त्यांची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. मग लक्षात आलं की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, त्या चुका लपवत नव्हत्या, बाकीच्या ठिकाणी चुका दाबल्या जात होत्या. १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात हीच गोष्ट पुढं आली, की बोललं तर आपल्याला खाऊन टाकणार नाहीत हा भरवसा असलेली टीम शिकते. गूगलनं २०१२ पासून स्वतःच्या १८० टीमचा अभ्यास केला, त्यातही हाच भरवसा सगळ्यात वर आला, कोण किती हुशार आहे ते नंतर.

म्हणून तुमच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये कळवलेल्या छोट्या चुका अचानक वाढल्या तर घाबरू नका, पहिले दोन महिने तर वाढायलाच पाहिजेत. त्यावरून कोणाचं इन्सेंटिव्ह कापलं की समजा पुढच्या महिन्यापासून रिपोर्ट कोरा येणार.

शिफ्ट बदलताना

हँडओव्हर म्हणजे जाणारा बाईकला किक मारत असतो आणि येणारा टिफिन ठेवत असतो, मधे एक वाक्य, "सगळं ठीक आहे". इथं दहा-पंधरा मिनिटं दोन्ही शिफ्ट एकत्र राहतील असं टायमिंग ठेवा आणि त्याचा पगार द्या, फुकटात हे होत नाही. रजिस्टरमध्ये चार ओळी: काय चालू आहे, काय बंद आहे, काय अर्धवट आहे, आणि रात्री कशाची भीती आहे. चौथी ओळ कोरी सोडायची नाही. दोघांची सही. हॉस्पिटलमध्ये नर्स आणि डॉक्टर अशाच चार पायऱ्या वापरतात, आत्ता काय झालं, मागचं काय होतं, मला काय वाटतं, काय करायला पाहिजे. ही पद्धत मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून आली.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्ली पण होती, तर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्यातला एक मुद्दा फक्त एवढा आहे की चिरा देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्याचं नाव घेतलं गेलं आहे तो पुढं काही खटकलं तर बोलायला कचरत नाही. तुमच्याकडे नवीन कॉन्ट्रॅक्टची मुलं आली तर पहिल्या दिवशी एवढं तरी करा, "ए नवीन" म्हणून हाका मारू नका.

रोजची उभ्यानं घ्यायची मीटिंग दहा मिनिटांत आटपा, काल काय अडलं, आज काय अडू शकतं, कोणाची मदत पाहिजे. एप्रिल-मे मध्ये ती सकाळी लवकर घ्या. दुपारी ४५ डिग्रीत पत्र्याच्या शेडखाली उभं करून विचारलं तर कोणीही सगळं ठीक आहे म्हणून सावलीत जाईल.

सेल्स आणि डिस्पॅच भांडत असतील तर

भांडण स्वभावावर जाऊ देऊ नका. "तुमचं नेहमीचंच आहे" हे वाक्य आलं की थांबवा आणि विचारा, कोणती गाडी, कोणता वार, किती वाजता. "गुरुवारी ऑर्डर पावणेसहाला आली आणि गाडी सहाला सुटते" यावर काहीतरी ठरवता येतं, स्वभावावर काही ठरत नाही. निरोप्या बनू नका, तो तुमच्याबद्दल असं म्हणाला, हा यांच्याबद्दल तसं म्हणाला, यानं गोष्ट चिघळते. दोघांना एका टेबलावर बसवा आणि चहा सांगा. सेल्सच्या माणसाला महिन्यातून एक दिवस लोडिंगवर उभं करा, डिस्पॅचच्या माणसाला एकदा पार्टीकडे न्या, कळमन्याला किंवा इतवारीत, माल उशिरा आला की दुकानदार काय काय बोलतो ते त्यानं स्वतःच्या कानानं ऐकू दे. माझ्या अनुभवात दहा मीटिंगपेक्षा याचा जास्त उपयोग होतो.

मोठं काम सुरू करण्याआधी

दिवाळीचं डिस्पॅच असो की नवीन सॉफ्टवेअर चालू करणं, सुरुवातीलाच सगळ्यांना बसवा आणि सांगा, असं धरा की हे काम पार फसलं, आता का फसलं ते प्रत्येकानं पाच मिनिटं गुपचूप चिठ्ठीवर लिहा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत आहे. गंमत अशी की "काही अडचण येईल का" विचारल्यावर गप्प बसणारा माणूस यात चार ओळी लिहितो, कारण इथं अडचण सांगणं म्हणजे विरोध करणं होत नाही, ते काम म्हणूनच दिलेलं असतं.

आणि यातून अशा गोष्टी निघतात ज्या बाहेरच्या हेड ऑफिसला सुचणं शक्यच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी इतवारी-महालकडून गाडी काढता येत नाही हे ड्रायव्हरला माहीत असतं. पोळ्याला गावाकडची मुलं सुट्टी घेणारच, तान्हा पोळा झाल्यावर परत येणार, हे ठेकेदाराला माहीत असतं. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन चालू असताना सीताबर्डी-सिव्हिल लाईन्सकडे मोर्चे असतात, रस्ते वळवलेले असतात, बाहेरून येणाऱ्या इंजिनिअरला हॉटेल मिळत नाही, हे ऑफिस बॉय पण सांगेल, त्याला विचारलं तर. चिठ्ठ्या वाचताना नाव वाचू नका, मुद्दा वाचा.

तुम्ही साहेब नसाल तर

वरचं सगळं ज्याच्या हातात टीम आहे त्याच्यासाठी झालं. पण ज्याला वर सांगायचं आहे आणि साहेब गरम डोक्याचे आहेत, त्यानं काय करायचं? सगळ्यांसमोर सांगू नका, केबिनमध्ये जा किंवा फोन करा. गोष्ट आकड्यासकट सांगा, सोबत दोन पर्याय न्या, आणि निर्णय किती वाजेपर्यंत पाहिजे ते सांगा. "सर, प्रॉब्लेम आहे" एवढं बोलून उभं राहिलं की साहेबांना आधी राग येतो. "सर, जबलपूरच्या ऑर्डरला ४० पेट्या कमी पडून राहिल्या. ३६० पेट्या आज पाठवून ४० उद्या दुसऱ्या गाडीनं टाकता येतील, नाहीतर गाडी उद्या सकाळी ९ पर्यंत थांबवू. पार्टीला विचारलं, त्यांना पहिलं चालतं. ५ पर्यंत सांगितलं तर ट्रान्सपोर्टवाल्याला कळवतो." असं सांगितलं की साहेबांना ओरडण्याआधी उत्तर द्यावं लागतं.

पहिल्यांदा टाळलं तर परत एकदा, त्याच शब्दांत, थोडं स्पष्ट. आणि जीवाचा प्रश्न असेल, मशीनचं संरक्षक झाकण (गार्ड) काढून ती चालवायला सांगितलं, वायर उघडी आहे, गॅसचा वास येतो आहे, तर तिथं पर्याय न्यायचे नाहीत आणि परवानगीची वाट पाहायची नाही, मशीन बंद करायची आणि मग सांगायला जायचं.